मावळतीला तोंड

"बाईमाणसाने कबरस्तानात जायचं नसतं," भाई म्हणाला.

"मग तू जा," मी म्हटलं.

 माझा हा थोरला भाऊ कतारमध्ये, दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मदला राहतो. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरी जेवायला येतो, आईच्या पायांशी बसतो, दोनदा बिर्याणी वाढून घेतो आणि पोट भरलं की मला अक्कल शिकवतो. मी आता त्रेपन्न वर्षांची आहे. माझी लेक नोकरीला लागली, माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला, तरी ह्याच्या लेखी मी अजून फ्रॉक घालून अंगणात नाचणारी बाय. साहेबाकडे रजा मागायची म्हटलं की हा विषय बदलतो. स्वतः जायचं नाही आणि जाणाऱ्याला धर्म सांगायचा, हे मला अजिबात चालत नाही.

जायचं होतं इंग्लंडला. तिथल्या एका खेड्यात, एका चर्चच्या आवारात, माझ्या आज्याची कबर शोधायला.

आजा म्हणजे आईचे वडील. रत्नागिरीकडचे, इंग्रजांच्या बोटीवर कोळसा टाकणारे खलाशी. दुसऱ्या महायुद्धात त्यांची बोट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ बुडाली तेव्हा आई आजीच्या पोटात होती. कंपनीचा एक कागद आला, त्यात आजा बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. मेला म्हणून रडावं तर तसं लिहिलेलं नाही, जिवंत म्हणून वाट बघावी तर माणूस यायचं नाव नाही. दोनेक वर्षांनी शेजारच्या वाडीतला एक खलाशी परत आला. तो त्याच बोटीवर होता. त्याने येऊन सांगितलं की आज्याला आम्हीच मातीत ठेवला, माझ्या ह्या हातांनी. पण तो गडी गावात थापाड्या म्हणून प्रसिद्ध. देवमाशाच्या पाठीवर बसून चहा प्यायल्याचं सांगणारा माणूस, त्याचं कोण ऐकणार? त्याच्याबरोबर खड्डा मारणारे बाकीचे तिघे पुढच्या बोटीबरोबर बुडाले. दुसरा साक्षीदार उरला नाही.

मग गावाने आपला निकाल लावून टाकला. मेला कसला, मडम केली असेल त्याने तिकडे! जमातीच्या बुजुर्गांनी आजीला विधवेने पाळायची इद्दत बसू दिली नाही, कारण नवरा मेल्याचा पुरावा नाही. आजी मरेपर्यंत अशीच राहिली. कुणाची बायको नाही आणि बेवाही नाही. लग्नाघरी तिला कुठे बसवायचं यावर बायकांची कुजबुज व्हायची. आणि आईला विहिरीवर पोरी विचारायच्या, "गो, तुझ्या बापाची मडम कशी हाय? गोरी हाय काय?" आज आईची ऐंशी उलटून गेली, ऐकायला कमी येतं, चष्मा फ्रिजमध्ये ठेवते, पण ते वाक्य सांगताना ती अजून पदराने तोंड झाकते. मला ते बघवत नाही. एवढीच गोष्ट होती. तिच्या डोळ्यांदेखत मला ते वाक्य खोटं पाडायचं होतं, आणि दिवस फार उरले नव्हते.

त्या खलाशाचं बोलणं आईला तिच्या आईकडून मिळालं आणि तिने ते शब्दन्‌शब्द जपलं. "दोन दिस होडीतून वल्हवत आलो, मग तो वाहून आलेला दिसला. गोल मनोऱ्याचं देऊळ. मनोरा असा, का विहीर उपटून उलटी ठेवलीय. बाजूला एका भिंतीचा किल्ला. दर्याची गाज ऐकू येते. चौघांनी खड्डा मारला. आम्हीच न्हाऊ घातला, आम्हीच जनाज्याची नमाज पढलो. डोसकं उत्तरेला, तोंड मावळतीला, आपल्याकडे ठेवतात तस्सं." त्या 'तस्सं'वर आई मांडीवर एक थाप मारते. आजीपण मारायची म्हणे.

आमच्या कोकणात काबा पश्चिमेला. नमाज मावळतीकडे तोंड करून पढायची आणि माणूस गेला की त्याला उजव्या कुशीवर, मावळतीकडे तोंड करून निजवायचा. दोह्यातही दिशा साधारण तीच. आईची जानमाज, नमाजाची चटई, आमच्या हॉलच्या ज्या खिडकीसमोर असते तिथूनच संध्याकाळी ऊन आत येतं. त्यामुळे ते वाक्य मी जन्मभर ऐकलं आणि मला त्यात काही खटकलं नाही. मला, म्हणजे जिचं पोट नकाशांवर चालतं तिला. मी दोह्याशेजारच्या लुसैलमध्ये एका सर्व्हेच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. प्लॉट, गटारं, केबलच्या रेषा, आणि प्रत्येक कागदावर कोपऱ्यात उत्तरेचा बाण. वीस वर्षं तो बाण काढतेय.

लेक इंग्लंडमध्ये नर्स आहे. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिला मी फोनवर म्हटलं, गोल मनोऱ्याचं चर्च शोध, बाजूला पडका किल्ला पाहिजे, समुद्र पाहिजे. "ममा, तिकडे अशी पुष्कळ आहेत," ती म्हणाली. पण पोरगी माझीच. दोन महिने ड्युटी संपवून बसायची आणि शोधायची. एक दिवस तिने एका खेड्याच्या चर्चचं वेबपेज पाठवलं. आमच्या गावात काय काय बघाल, अशी यादी होती. चर्च, एक भिंत उरलेला किल्ला, जुन्या मठाच्या कमानी, दीपगृह. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती, की युद्धात वाहून आलेला एक अनामिक हिंदी खलाशी ह्या आवारात पुरलेला आहे.

मी ती ओळ ऑफिसात वाचली. शेजारच्या टेबलावरचा केरळी पोरगा पाणी घेऊन धावत आला, एवढं माझं तोंड उतरलं होतं.

रजा मागितली तर मॅनेजर म्हणाला, पुढच्या महिन्यात ड्रॉइंग्ज सबमिट करायची आहेत, टुरिझमला आत्ता कशाला? मी म्हटलं, टुरिझम नाही, मयत आहे. "अरे, सॉरी. कोण गेलं?" "आजोबा." त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मनात काहीतरी हिशोब केला आणि गप सही दिली. नवऱ्याने फक्त स्वेटर आहे का विचारलं. आईने दुपट्ट्याच्या गाठीत सब्जाचं बी बांधून दिलं. आमच्याकडे कबरीवर सब्जा लावतात.

ते खेडं म्हणजे एकच रस्ता. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, बस गेली की पानं काचेला घासायची. मी आणि लेक उतरलो तेव्हा बारीक पाऊस होता आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. झाडांवरून तो मनोरा दिसला. गोल. गारगोट्यांनी बांधलेला, वर जाड, खाली जाड. उपटून उलटी ठेवलेली विहीर! मी रस्त्यातच लेकीचा दंड पकडला. थापाड्या म्हणे. मेल्यांनो, बघा येऊन.

फाटकाशी एक म्हातारी बाई उभी होती. चर्चची देखभाल तिच्याकडे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. लेकीने आधी मेल केला होता, म्हणून ती आमची वाट बघत होती. फार अदबीची बाई. पण तिला सगळं दाखवायचं होतं आणि क्रमाने दाखवायचं होतं. आधी आतला दगडी हौद, ज्याच्या पाण्याने मुलांचं नाव ठेवतात. मग गुडघे टेकायच्या उशा, प्रत्येकीवर गावातल्या बायकांचं भरतकाम. मग म्हणाली, चला, किल्ला बघू. मी आलेय कबरीसाठी आणि ही मला चिखलातून टेकडीवर नेतेय! पण पाहुण्याने पाहुण्यासारखं वागावं म्हणून गेले. वर खरंच एक भिंत उभी होती आणि तिच्या सावलीत मेंढ्या. बाई कौतुकाने सांगत होती, केवढा जुना, केवढा भक्कम. आमच्या रत्नागिरीच्या किल्ल्याच्या एका बुरुजात हा अख्खा मावला असता, पण बोलले नाही. एका भिंतीचा किल्ला. मला तेवढंच पाहिजे होतं. मठाच्या कमानीही पाहिल्या. त्यांच्याखाली कबुतरं होती आणि छप्पर नव्हतं. लेक फोटो काढत होती, मी कान देऊन उभी होते. गाज ऐकू येत होती.

शेवटी ती आम्हाला चर्चमागे घेऊन गेली. हिरव्या गवतात कबरींच्या रांगा, सगळ्या पूर्व-पश्चिम, पट्टीने आखल्यासारख्या. एका रांगेच्या टोकाला छोटासा पांढरा लाकडी क्रूस होता आणि त्यावर अनामिक हिंदी खलाशी एवढंच लिहिलं होतं. खाली ताजी फुलं. बाई दोन पावलं मागे सरकली, आम्हाला एकटं सोडायला.

मी बघत राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला राग. "हा नाही," मी मराठीत म्हटलं.

"ममा, प्लीज," लेक म्हणाली.

"अगं, हा नाही. आपली माणसं असं ठेवणारच नाहीत. हा तर पाय उगवतीला करून झोपलाय."

बाईला विचारलं, ही जागा कुणी ठरवली? ती खरं बोलली. चर्चच्या जुन्या वहीत एवढंच लिहिलंय, की एक हिंदी खलाशी, त्याच्या सोबत्यांनी पुरला. कुठे ते लिहिलेलं नाही. पुष्कळ वर्षांनी गावाला वाटलं काहीतरी खूण असावी, म्हणून रांगेतली मोकळी जागा पाहून क्रूस लावला. मन चांगलं होतं त्यांचं, नाही कशाला म्हणू? मी आवाराचा नकाशा मागितला. त्यावर सगळ्या कबरी सरळ. पण मला नकाशांचा भरवसा सांगू नका. आम्ही नकाशावाले लोक वाकडी वस्तू दिसली की सरळ करून टाकतो, रोजचं काम आहे ते आमचं. कागद घडी करून पिशवीत टाकला आणि चालायला लागले.

आमच्या गावचं कबरस्तान माझ्या माहेरच्या परसदारी, दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडे. आत मी कधी पाऊल टाकलं नाही, बायका जात नाहीत. पण गडग्यावर कोपरं टेकून मी लहानपणी पुष्कळ मयती पाहिल्यात. उशाला एक मोठा दगड, पायथ्याला एक लहान, मध्ये कडेने बारके दगड. न घडवलेले, हाताला येतील ते. असलेच दगड मला इंग्लंडच्या त्या आवारात, उत्तरेच्या भिंतीजवळ, गवतात बुडालेले सापडले. सगळ्या रांगांना आडवे. मोठा दगड उत्तरेला, लहान दक्षिणेला. फोनमधलं होकायंत्र लावून पाहिलं, बरोब्बर उत्तर-दक्षिण.

मी तिथेच चिखलात बसले.

बाई घाईघाईने आली. म्हणाली, नाही नाही, ही कबर नाही, ह्या दिशेला इथे एकही कबर नाही. जुन्या पायवाटेची कड असेल. गवत कापायचं मशीन ह्या दगडांना अडकतं, म्हणून पुढच्या महिन्यात ते काढून टाकायचं ठरलंय. मी विचारलं, ठरवलं कुणी? म्हणाली, चर्चच्या कमिटीने. कमिटी कधी बसते? म्हणाली, उद्या संध्याकाळी.

"मी येणार," मी म्हटलं. विचारलं नाही, सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गावाच्या सभागृहात सात माणसं, चहाची किटली आणि लिंबाचा केक. मला खुर्ची दिली. ऑफिसातलं माझं इंग्रजी मोडकंतोडकं नाही, पण त्या दिवशी ते वहाणेत खडा गेल्यासारखं चालत होतं. कागद घेऊन आवार काढलं, कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला, सगळ्या कबरी एका दिशेला आणि ही एक आडवी. सांगितलं, आमच्यात असं ठेवतात. ज्याने पुरलं त्याचं सांगणं आमच्या घरात आजवर जपलंय, मनोऱ्यापासून किल्ल्यापर्यंत सगळं जुळतं. मुंड्या हलल्या. माझ्या मनात आलं, खलास, झालं काम.

तेवढ्यात कोपऱ्यातले एक निवृत्त मास्तर बोलले. शांतपणे, फोन हातात धरून. म्हणाले, माफ करा मॅडम, पण इथून मक्का आग्नेयेला आहे. तुम्ही म्हणता तसं असेल तर त्या माणसाचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे मक्केकडे त्याची पाठ येते. मग ही मुसलमानाची कबर कशी?

माझ्या कानातून वाफ निघाली. लेक कुजबुजली, "ममा, ही इज राइट." बरोबरच होतं की! लेकीच्या खोलीत भिंतीवर बाण चिकटवलाय, आठवडाभर मी त्याच दिशेला, खिडकीच्या कोपऱ्याकडे तोंड करून नमाज पढत होते. आणि वीस वर्षं बाण काढणारी मी! सातही जण माझ्याकडे बघत होते. किल्लीवाल्या बाईने माझ्यापुढे केकची बशी सरकवली, म्हणजे संपलं असं समजूनच.

आणि मला आईची मांडीवरची थाप ऐकू आली. आपल्याकडे ठेवतात तस्सं.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, सर, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. काबा तिकडेच. चुकले ते आमचे लोक. पण हीच चूक माझा पुरावा आहे. इंग्रज माणूस कबर अशी खणणार नाही. अरबही अशी खणणार नाही. आणि मौलवी असता तर त्याने आधी दिशा विचारली असती. डोकं उत्तरेला आणि तोंड मावळतीला ठेवणार तो, ज्याच्या गावात काबा मावळतीला असतो. आमच्या किनाऱ्याचा माणूस. त्याने विचार केला नाही, हातांना सवय होती तसं केलं.

मास्तर म्हणाले, पण ते तर खलाशी होते, त्यांना दिशा कळत नव्हत्या?

माझा आवाज चढला. चढू दिला. म्हटलं, ते बोटीच्या पोटात कोळसा टाकत होते हो! दिशा वर साहेब बघायचा. बोट बुडाली, दोन दिवस थंडीत होडीतून वल्हवत आले, मग आपला माणूस वाहून आलेला पाहिला. त्यांना तुमचा देश माहीत नव्हता, भाषा माहीत नव्हती, सूर्य बुडतो कुठे तेवढं माहीत होतं. तुमच्या आवारात त्यांनी त्याला आपल्या गावासारखं निजवलं. आता त्याला सरळ करू नका. मला दगड नको, पाटी नको, परवानगी नको. मी काही लावा म्हणत नाही. जे आहे ते काढू नका, एवढंच म्हणतेय. मशीन वळवून न्या.

 मग किल्लीवाल्या बाईने हात वर केला. त्यांच्यात ठराव असा करतात. एकेक करत सहा हात झाले. मास्तरांनी फोन खिशात ठेवला, चष्मा पुसला आणि सातवा हात वर केला. नंतर बाईने मला हळूच विचारलं, मग तो क्रूस इकडे आणून लावू का? म्हटलं, नको गं बाई, तो आहे तिथेच ठेव, खाली कुणी नसलं तरी फुलं छान दिसतात. ती आधी दचकली आणि मग खदखदून हसली.

निघायच्या सकाळी मी एकटी आवारात गेले. आमच्या घराण्यातली कबरस्तानात पाऊल टाकलेली पहिली बाई मी, आणि तेही चर्चच्या. बापाच्या नावासकट, गावाच्या नावासकट आज्याला मोठ्याने हाक मारली. फातिहा पढले. सब्जाचं बी टाकलं, त्या थंडीत उगवणार नाही हे माहीत असून टाकलं. मग आत जाऊन पाहुण्यांच्या वहीत आज्याचं पूर्ण नाव मराठीत लिहिलं, ठळक, ओळ सोडून खाली दोनदा रेघ मारून.

दोह्याला उतरले ती शुक्रवारी. भाई मला न्यायला विमानतळावर आला होता. गाडीत सगळं ऐकलं आणि त्याने गाडी कडेला घेतली.

"म्हणजे पाठ काब्याकडे? तौबा. बाय, कबर उकरून सरळ करायला पाहिजे."

"हात लावून बघा कुणी."

"बरं, निदान आईला तरी सांगू नको. तोंड काब्याकडे आहे ह्याच समाधानावर ती आजवर जगली. तेवढं एकच होतं तिच्याकडे. तेही काढून घेणार तू?"

ह्या एका वेळी तो चूक बोलत नव्हता. गप्प बसावं, फक्त कबर सापडली म्हणावं, असं माझ्याही मनात आलं. विमानात सहा तास तेच घोळत होतं. पण ऐंशी वर्षं तिच्यापासून लोकांनी खरं लपवलं, काहींनी खोटं सांगून आणि काहींनी गप्प राहून. त्यात आता माझीही भर? मला ते जमणार नव्हतं.

आई खिडकीजवळ बसली होती. भाई दाराशी उभा राहिला, हाताची घडी घालून. मी फोटो दाखवले. मनोरा, भिंत, दगड. मग सांगितलं, आई, तिथे काबा मावळतीला नाही. उलट्या बाजूला आहे. त्या चौघांना कळलं नाही. आज्याची पाठ आहे काब्याकडे.

आईने फोन डोळ्यांजवळ नेऊन फोटोतल्या दगडांवरून बोट फिरवलं. भाईने माझ्याकडे असं पाहिलं, की झालं तुझं समाधान?

"तस्सं म्हणाला होता ना तो?" आईने विचारलं.

"हो, आई."

"मग तो थापा नाय मारत होता." तिचा आवाज बारीक झाला. "तिथलं कोण असतं तर बरोबर ठेवला असता. चुकीचा ठेवलाय म्हंजे आपल्याच माणसांनी ठेवलाय. गो, माझा बाप मेला होता. कुठं गेला नव्हता तो. माझी आई बेवा होती." आणि मांडीवर जोरात थाप मारून म्हणाली, "गावाला फोन लाव. मशिदीत."

"कशाला?" भाई म्हणाला.

"पुकारा करायला. माणूस गेला की पुकारा करतात ना? माझ्या बापाचा राहिलाय."

"आई, ऐंशी वर्षांनी? गाव हसेल."

"हसून झालंय त्यांचं. आता ऐकू दे."

भाई न जेवता निघून गेला. शुक्रवारी बिर्याणी सोडून गेला म्हणजे किती तापला असेल बघा.

शनिवारी दुपारी, जोहरच्या नमाजनंतर मी गावच्या मशिदीतल्या बांग देणाऱ्याला फोन लावला, आईला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. तरुण पोरगा, त्याला काही कळेना. नाव लिहून घेतलं, बापाचं नाव घेतलं, बायको-मुलीचं नाव घेतलं, वाडी घेतली. मग सवयीने विचारलं, "जनाजा किती वाजता ठेवलाय?"

मी आईकडे पाहिलं. तिने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "जनाजा झालाय म्हणून सांग," ती म्हणाली. "चौघांनी पढलाय."

त्याने फोन चालूच ठेवला. आधी खरखर, मग भोंग्याचा आवाज, कोकणातून दोह्याच्या आमच्या हॉलमध्ये. अमुक वाडीचे अमुक यांचा इंतेकाल झालेला आहे. त्यांच्या बेवेचं नाव आलं. मुलीचं नाव आलं. जनाजा झालेला आहे, अल्लाहने माफ करावं म्हणून सर्वांनी मगफिरतची दुआ करावी. आई फोन कानाला लावून, डोक्यावरून पदर ओढून, ताठ बसून ऐकत होती. आवाज थांबला तरी तिने फोन खाली ठेवला नाही.

मग म्हणाली, "आज चूल पेटवू नको."

मयताच्या घरी आमच्यात चूल पेटत नाही, जेवण बाहेरून येतं. नातेवाईक आणतात. इथे आमचा नातेवाईक एकच. मी त्याला फोन केला नाही. माझंही नाक काही कमी उंच नाही.

दुपार कलल्यावर, असरच्या बांगेनंतर बेल वाजली. दारात भाई, दोन्ही हातांत मोठे डबे, वरून डाळ सांडून शर्टाची बाही पिवळी झालेली. त्याला गावाहून कुणीतरी पुकाऱ्याचं कळवलं असणार. माझ्याकडे न बघता त्याने डबे माझ्या हातात दिले, चपला काढल्या आणि आत गेला. नेहमीसारखा पायांशी न बसता आईच्या शेजारी टेकला, तिचा हात हातात घेतला.

"आई," तो म्हणाला, "आजा गेल्याचं कळलं. वाईट झालं."

"हां रे पोरा," आई म्हणाली, "गेला." आणि तिने रडायला सुरुवात केली.